तीन महिन्यांची साखर आणि काठीचा मान

डॉ. शशिकलाबाईंची आणि माझी पहिली भेट कराडच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला झाली. त्यांची गाडी तापून उभी होती आणि बाई झाडाखाली बसून शांतपणे शेंगा सोलत होत्या. मी तेव्हा डिप्लोमा अर्धवट टाकून, ट्रक नेईल तिकडे फिरत होतो. पाण्याचा फुटका पाइप बांधून दिला, तर बाईंनी विचारलं, "कुठं निघालायस?"

"अजून ठरलं नाही."

"गाडी चालवता येते ना? मग मेढ्याला चल."

तेव्हापासून मी त्यांची गाडी चालवतो. मधे दोनदा सोडूनही गेलो. एकदा गोव्याकडे, तिथल्या समुद्राबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण हा गौरवग्रंथ बाईंच्या पंच्याहत्तरीचा आहे. परत आलो तेव्हा बाईंनी दोन्ही वेळा काही विचारलं नाही. नुसती किल्ली पुढे केली.

बाईंची रक्त तपासायची प्रयोगशाळा सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला आहे. माहेर मात्र मेढ्याच्या वर, डोंगरातलं. तीन महिन्यांतून एकदा बाई तिथे जातात, देवळाच्या ओसरीवर बसून साखरेच्या रुग्णांचं रक्त घेतात आणि बर्फाच्या पेटीतून सांगलीला आणतात. वाटेत भडंग घेतात. त्यात साखर किती घालतात यावरून भडंगवाल्याशी दर वेळी वाद घालतात आणि दर वेळी त्याच्याकडूनच घेतात. ते असो.

त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे रक्ततपासणी म्हणजे इन्स्पेक्शन, अशी सगळ्यांची समजूत. सुभेदार बापूराव या समजुतीचे प्रमुख. गाडी यायच्या आधी आठवडाभर ते कारल्याचा रस पीत, भात बंद करत, पहाटे टेकडी चढून येत आणि इतरांनाही चढवत. सकाळची उपाशीपोटीची साखर मग अगदी शहाण्यासारखी येई. गाडी घाट उतरली की सुभेदारांच्या घरी बासुंदी होई. मी स्वतः खाल्ली आहे, उत्तम असते.

एका खेपेला बाईंनी त्याच रक्तातून मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही केली. आठवडाभराच्या कारल्याला ती फसत नाही. सुभेदारांचा आकडा चढा आला. पुढच्या खेपेला तो सांगताना बाई रागावल्या नाहीत. गावात पाऊल टाकलं की त्यांची भाषाही गावची होते.

"बूट चकाचक हायेत, सुभेदार," त्या म्हणाल्या. "पर बराक बघायची राहिली की!"

ओसरीवरचे सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं सुभेदारांच्या पत्नी.

हसण्यावारी न जाणारी गोष्ट त्या दिवशी नेलेल्या रक्तात निघाली. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक प्रथिन सोडतं. जुनी साखर असणाऱ्यांचं बाई तेही मोजतात, कारण साखरेनं नसा बधिर होतात आणि हृदय आजारी असलं तरी छातीत दुखेलच असं नाही. सुभेदारांचं ते प्रथिन वाढलेलं निघालं आणि गावची यात्रा आठवड्यावर आली होती. यात्रेत सासनकाठी, म्हणजे चारी बाजूंच्या दोरांनी तोल सांभाळायची देवाची उंच, जड काठी, पहिल्यांदा पेलायचा मान सुभेदारांच्या घराचा.

रिपोर्ट मोबाइलवर पाठवून बाईंना मोकळं होता आलं असतं. त्या म्हणाल्या, "गाडी काढ." आम्ही पोचलो तेव्हा सुभेदार अंगणात काठीला तेल लावत होते.

"आक्का, छातीत कवा दुखलं न्हाई. चढ चढतो, काठी पेलतो. अजून काय पायजे?"

"मधी चढावर दम लागून बसला हुतास म्हनं."

सुभेदारांनी पत्नीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बगताय? मीच सांगितलं."

"बापू, मी तुला हृदयरोग झालाय असं म्हनत न्हाई," बाई म्हणाल्या. "रक्तानं दार वाजवलंय. कोन आलंय ते उघडून बघू. साताऱ्याच्या डॉक्टरांनी व्हय म्हटलं तर उचल काठी. मी फुडं लेझीम खेळीन."

"आन् न्हाई म्हटलं तर? घराचा मान जाईल, आक्का. तू माहेरवाशीण, तुला ठावं हाय."

बाईंनी काठीच्या शेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दरसाल काठी वडाला का अडकती रं?"

"अडकनारच. पेलनारा वर बगतो, दोरवाले एकमेकाच्या अंगावर खेकसत्यात. हुकूम एकाचा न्हाई."

"मंग सुभेदार कशाला झालास?"

सुभेदारांनी तेलाचा हात धोतराला पुसला. मग मला म्हणाले, "गाडीत जागा हाय का रं, गड्या?"

साताऱ्यात हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, पुढच्या उपचाराची तारीख दिली आणि काठीला हात लावायचा नाही असं बजावलं. यात्रेत काठी सुभेदारांच्या मुलानं पेलली. सुभेदार पारावर खुर्ची टाकून बसले होते. "डावा दोर ढील! उजवा ताण! वर बगू नगंस, म्होरं बग!" काठी वडाखालून फांदीला न शिवता गेली. बाई गर्दीत उभ्या होत्या. लेझीम त्या खेळल्या नाहीत. तशी अट उरली नव्हती.

पुढचे उपचार पार पडले. सुभेदार आता तयारी न करता तपासणीला येतात. आकडा अजून मनासारखा नाही, पण खरा असतो, आणि बाईंना तेवढं पुरतं.

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या, त्यांच्यावर ग्रंथ निघतोय, असं मी सांगितलं तेव्हा सुभेदार म्हणाले, "लिही की मंग. आक्काला शंभर वर्सं दे म्हनावं देवाला."

माझं मत थोडं वेगळं आहे. एका दिवसाचा चांगला आकडा बाईंना कधी पटला नाही. एकदम मागितलेली शंभर वर्षंही पटायची नाहीत. म्हणून आम्ही त्यांचं निरोगी आयुष्य तीन-तीन महिन्यांनी मागू. गाडी घाट चढून येईल, ओसरीवर बाई बसतील, आणि आम्ही पुन्हा मागू.