फाटकाच्या आतला नळ

आमच्या पाणीयोजनेच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी जरा जास्तच चेकाळलो. सांगलीच्या सभागृहात बजावून सांगितलं, कोणी उपटसुंभ टाकीपर्यंत पोचला तर अख्ख्या तालुक्याचं पाणी नासवू शकतो. ओळखपत्र नसेल त्याच्यासाठी कुलूप काढायचं नाही, आधी वरिष्ठांना फोन करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

पण नाही, परीक्षा घ्यायची खुमखुमी! जत तालुक्यातल्या एका पंपहाऊसवर भर दुपारी मी स्वतः गेलो, तेही माझ्या वडिलांचा फेटा बांधून आणि त्यांचीच घोंगडी खांद्यावर टाकून. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. जाता-येता ते याच फाटकाच्या आतल्या नळावर पाणी प्यायचे. ते ठाऊक होतं म्हणूनच तर तो वेश निवडला, एवढा मी हुशार!

ऑपरेटर बिचारा मला त्या वेशात कुठला ओळखतोय? "या की मामा, लय ऊन हाय," म्हणत त्यानं कुलूप काढलं, नळाशी नेलं, वर गुळाचा खडा हातावर ठेवला. मी गूळ खाल्ला, पाणी प्यायलो आणि मग खिशातून ओळखपत्र काढलं. त्याचा चेहरा खाडकन उतरला.

"आवं सायब, पान्याला न्हाई कसं म्हनायचं?" एवढंच तो बोलला.

मी अहवालात नापास लिहिलं, पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल असा दमही भरला. नळ फाटकाबाहेर काढून घे, एवढं सांगायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण ते सुचलं नाही.

परवा पुन्हा तिकडं गेलो, या वेळी ऑफिसच्या गाडीतून. फाटकाबाहेर एक म्हातारी मेंढरं घेऊन उभी होती, हातात रिकामी कळशी.

"लेकरा, रोज देत हुतास की रं," ती विनवत होती.

"ओळखपत्र हाय का?" तोच ऑपरेटर आतून, तिच्याकडं न बघता विचारत होता.

मला बघताच त्यानं सलाम ठोकला. "बघा सायब, आता कुनालाबी आत घेत न्हाई. झालो न्हवं पास?"

म्हातारी आशेनं माझ्याकडं वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलूप काढ, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सभागृहातल्या माझ्या त्या बडबडीची काय किंमत राहिली असती?

"पास," मी म्हणालो.

म्हातारीनं मेंढरं वळवली आणि रिकामी कळशी घेऊन चालू लागली.