पडवीत जाऊन बसणारे कॅप्टनसाहेब

कॅप्टन मनोहर शितप यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी रत्नागिरीत महाविद्यालयात इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. निवृत्त सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणारं एक कार्यालय साहेब दोन खोल्यांत चालवतात, असं कळलं म्हणून गेले. चार-पाच मुलाखती ऐकल्या, सगळ्या एकाच चालीच्या. हुकूम आला, गेलो, काम फत्ते झालं. "साहेब, ह्यात कुणी घाबरतच नाही. हा कसला इतिहास?" मी फटकन बोलून गेले. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "बाई, गुरुवारी पूर्णगडच्या बाजूला जायचंय. गाडीत जागा आहे. तुम्हीच विचारा."

त्या गुरुवारी आम्ही बौद्धवाडीतल्या जाधव आजोबांकडे गेलो. साहेब दारात दिसताच आजोबांनी काठी सोडली आणि ताठ उभे राहिले. मी काहीही विचारलं तरी ते साहेबांकडे बघूनच उत्तर द्यायचे, "सगळं ठीक होतं साहेब." शेवटी आजी आतून म्हणाल्या, "ठीक कसलं? झोपेत वराडतात हे अजून." आजोबांनी डोळे वटारले. साहेब उठले, "आजी, मला जरा पाणी द्या, मी पडवीत बसतो," म्हणाले आणि जाताना दार लोटून घेतलं. मग आजोबा बोलले. माघारीचा हुकूम होता, जखमी मित्राला मागे ठेवून यावं लागलं होतं, आणि तो हुकूमच चुकीचा होता असं त्यांना अजून वाटत होतं. हे ते एका अधिकाऱ्याच्या तोंडावर कसं सांगणार होते?

आजोबा काय म्हणाले, हे साहेबांनी परतीच्या रस्त्यात एकदाही विचारलं नाही. गाडीतून उतरताना एवढंच बोलले, "पुढच्या वेळी मी आधीच बाहेर बसेन." तेव्हापासून कार्यालयाची ती रीतच झाली. घरात जायचं, ओळख करून द्यायची, चहा घ्यायचा, साहेबांनी पडवी गाठायची आणि मुलाखत मी घ्यायची.

म्हणून फौजी माणसाची गरजच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा अलोऱ्याला मी एकटीच गेले, तर एका निवृत्त हवालदारांनी मला फाटकातूनच वाटेला लावलं. "तुम्ही कोण? तुम्हाला काय कळणार त्यातलं?" पुढच्या आठवड्यात साहेब बरोबर आले आणि त्याच घरात आम्हाला घावणे मिळाले. फौजेतली भाषा, हुद्दे, नकाशे मला साहेबांनीच शिकवले. पण कुणाच्याही सांगण्यातला शब्द त्यांनी कधी बदलला नाही.

माणूस म्हणून ते कसे आहेत, हे माझी आई रुग्णालयात होती तेव्हा कळलं. रोज सकाळी डब्यातून पेज घेऊन यायचे, आईजवळ बसायचे आणि मला घरी पिटाळायचे. आभार मानले की चक्क रागवायचे.

आता जे लिहिते आहे ते साहेबांच्या ह्या गौरवग्रंथात शोभणार नाही कदाचित, पण माझा जीव टांगणीला लागला आहे. पंचाहत्तरी झाली म्हणून साहेब प्रमुखपद सोडत आहेत. पुढचा प्रमुख निवृत्त अधिकारीच असावा आणि जुनी-नवी प्रत्येक मुलाखत जपण्याआधी त्याने तपासावी, असा ठराव विश्वस्तांपुढे आहे. साहेबांनी त्याला विरोध करून माझं नाव सुचवलं आहे. त्यांचे एक जुने सोबती कार्यालयात येऊन म्हणाले, "मनोहर, घरचं धुणं चव्हाट्यावर वाळत घालतोयस तू." साहेब म्हणाले, "घरातच ठेवलं तर कुबट वास येतो रे." ते सोबती नंतर फिरकलेले नाहीत. तेव्हापासून साहेबांचं जेवणात लक्ष नसतं. ठराव मंजूर झाला तर जाधव आजोबांसारख्यांनी विश्वासाने सांगितलेलं राहील की जाईल, ह्या विचाराने मलाही झोप येत नाही.

साहेबांची स्वतःची मुलाखत आमच्याकडे नाही. परवा मी हट्टच धरला. यंत्र सुरू केलं मात्र, साहेबांची पाठ ताठ झाली, आवाज बदलला आणि अहवाल सुरू झाला. दोन मिनिटांत ते स्वतःच थांबले आणि हसले. "बंद करा बाई. मीसुद्धा तसलाच." मग यंत्र बाजूला सारून म्हणाले, "माझ्या हाताखालचा एक जवान गेला. तो कसा गेला म्हणून त्याच्या बायकोला मी जे सांगितलं, ते खरं नव्हतं. खरं मी तुम्हाला सांगेन. पण ते आधी कुणी अधिकारी तपासणार असेल, तर माझ्याने सांगवणार नाही."

विश्वस्तांची बैठक अजून व्हायची आहे. त्या जवानाच्या पत्नी ह्याच जिल्ह्यात राहतात, आता थकल्या आहेत. साहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, आणि त्या बाईंनाही मिळो.