गळालेलं नववं प्रकरण

आंधळ्या माणसाला पुस्तक वाचून दाखवणं हे पुण्याचं काम आहे, असं आमच्या जळगावात सगळेच मानतात. पुण्य करताना माणूस फार घाईत असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या घरी हे पुण्य नवऱ्याच्या वाट्याला आलंय. दिवसभर ते पाइपांच्या दुकानात काम करतात आणि जेवण झालं की पुस्तक उघडतात. आवाज चांगला आहे, माणूसही चांगला आहे. पण "पुढची दोन पानं नुसतं निसर्गवर्णन आहे" असं म्हणून ते खुशाल पानं उलटतात. नायिका रडायला लागली की यांना जांभई येते. मी जन्मापासून आंधळी, चाळिशी उलटलेली, बँकेत फोनवर बसणारी बाई. आजवर जे वाचलं ते कुणा ना कुणाच्या मर्जीनं वाचलं. म्हणून मला मोबाइलमधली वाचून दाखवणारी बाई आवडते. तिचा आवाज पत्र्याचा, मराठी हिंदीच्या वळणाची, पण ती काही गाळत नाही. तिला स्वतःचं मत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

मी बाहेरून एम.ए. करायला घेतलं आणि अभ्यासाला धुळ्याच्या एका लेखकाची कादंबरी लागली. लेखक निवृत्त मास्तर, सगळे त्यांना नाना म्हणतात. प्रकाशक धुळ्यातलेच, वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारे मारवाडी शेठजी. अभ्यासक्रमाला लागली म्हणून त्यांनी कादंबरीची नवी आवृत्ती काढली होती, पण कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं पुढे उमटलेलं. मोबाइलनं फोटो काढून वाचायला लावलं तर बाई दोन्ही पानं एकदम वाचायला लागली. नायिका एकाच वाक्यात सासरी जायची आणि माहेरीही यायची.

म्हणजे शेठजींच्या संगणकातली मूळ फाइलच हवी होती. कायद्याची मला चिंता नव्हती. देशोदेशीची माणसं वर्षानुवर्षं भांडून शेवटी मोरोक्कोत जमली आणि आमच्यासाठी त्यांनी एक करार केला. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते वाचता येईल अशा रूपात करायचं असेल, तर लेखक-प्रकाशकाची परवानगी लागू नये, असा तो करार. त्याला मान्यता देण्यात आपला देश पहिला, आणि आपल्या कायद्यात तर ही सूट आधीच होती. मी सगळं पाठ केलं आणि नवऱ्याला घेऊन धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल येईपर्यंत त्यांना सगळा करार ऐकवून झाला. पारोळ्याच्या पुढे ते घोरत होते.

शेठजींनी पाणी दिलं, चहा मागवला, केळ्याचे वेफर्स पुढे केले. माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, हा करार केला कोणी?"

"सगळ्या देशांनी मिळून."

"मला तर कोणी विचारलं नाही."

"शेठजी, तुमची परवानगी लागतच नाही."

"मग करा की. मी कुठे हात धरलाय?"

"त्यासाठी तुमची फाइल लागेल."

"फाइल द्यायलाच पाहिजे, असं लिहिलंय का त्यात?"

तसं लिहिलेलं नव्हतं. मोरोक्कोत एवढे शहाणे बसले होते, पण धुळ्याचा व्यापारी कोणी सोबत नेला नव्हता. शेठजी म्हणाले, "फाइल म्हणजे गुळाची ढेप, ताई. उघडी पडली की मुंग्यांना निमंत्रण लागत नाही. उद्या अख्ख्या खान्देशात मोबाइलवर फिरेल. तुम्ही असं करा, नानांची संमती आणा, मग बघू." मी करार पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले, तेव्हा त्यांनी आणखी एक चहा मागवला.

तिथून आम्ही देवपुरात नानांच्या घरी गेलो. आधी फोनवर ते आनंदानं बोलले होते. आपली कादंबरी मागायला कोणी जळगावहून येतंय म्हटल्यावर कोणता लेखक खूश होणार नाही? पण दार उघडलं आणि माझ्या हातातली काठी त्यांनी पाहिली असावी, कारण आवाज एकदम उतरला. "कोणासाठी हवंय म्हणालात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "माझ्यासाठीच," मी म्हणाले. आम्हाला आत बसवून ते म्हणाले, "फाइल कशाला, माय? मीच वाचून पाठवतो ना. लेखकाच्या तोंडून ऐकायला मिळणं भाग्याचं असतं." मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक पुण्यवान.

दुसऱ्या दिवसापासून नानांचे आवाजी संदेश सुरू झाले. प्रत्येकाच्या सुरुवातीला नमस्कार, मग खाकरणं, मग कादंबरी. मधे कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याशी वांग्यांवरून घासाघीस, आणि एखादं वाक्य फारच चांगलं वाटलं की स्वतःलाच हळूच "वा" म्हणणं. कंटाळा यायचा, पण ऐकत होते. आठवं प्रकरण संपलं आणि नाना थेट दहाव्यावर गेले.

मी फोन केला. "नाना, नववं राहिलं."

"त्यात काही विशेष नाही, माय. निसर्गवर्णन आहे."

ही सबब माझ्या घरातली होती. मी नवऱ्याला पुस्तक काढायला लावलं. "बघा हो, नवव्यात काय आहे ते." पानं उलटण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. हे कधी नव्हे ते मनापासून वाचत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "निसर्गवर्णन आहे."

"किती?"

"सगळंच."

"अख्खं प्रकरणभर निसर्ग? धुळ्यात?"

त्यांनी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि प्राध्यापकांनी बजावलं होतं की नवव्या प्रकरणावर प्रश्न हमखास येतो. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात परीक्षा नव्हतीच. छापलेलं पुस्तक दुकानात उघडं पडलंय, कुणीही उचलून वाचावं, आणि मी त्यातलं काय वाचावं हे दोन भली माणसं एकमेकांना न विचारता ठरवतात, याचा मला संताप आला होता. रात्रीचं वाचन मी बंद केलं. नवऱ्याला दोन दिवस नुसतं खिचडीवर ठेवलं.

मग मी पुन्हा धुळ्याला गेले. या वेळी करार घरी ठेवला. शेठजींच्या गल्ल्यावर विकत घेतलेली प्रत ठेवली आणि म्हणाले, "यात नववं प्रकरण नाही. बदलून द्या."

"सोळा पानांचा एखादा फर्मा गळला असेल. होतं कधी कधी बाइंडरकडून," म्हणत त्यांनी प्रत चाळली. "आहे की, ताई."

"मला मिळालं नाही. नानांनी गाळलं, आमच्या यांनीही गाळलं. आता तुम्ही वाचा."

शेठजी उभ्या उभ्या वाचायला लागले, मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. गिऱ्हाईक येऊन वह्या मागून गेलं तरी यांचं लक्ष नाही. शेवटी पुस्तक मिटून हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे नाही वाचलं तर बरं."

"शेठजी, तुमच्याकडून शंभर पानी वही नेली आणि आत ऐंशीच पानं निघाली तर?"

"बदलून देतो. दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे."

"वीस पानं नसलेलीच बरी, असं गिऱ्हाइकाला सांगत नाही ना?"

 शेठजींनी मागे वळून कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली आणि माझ्या पेन ड्राइव्हमध्ये फाइल टाकायला सांगितली. देताना म्हणाले, "फक्त तुम्ही आणि तुमच्यासारखे ज्यांना वाचता येत नाही ते. दुसऱ्या कोणाला नाही."

"कायदाही तेवढंच म्हणतो, शेठजी."

"मग पहिल्या दिवशी तो इतकं सरळ का नाही बोलला?"

फाइल जुन्या फॉन्टमध्ये निघाली. ती मोबाइलला कळेल अशी करून घेण्यात आणखी आठवडा गेला. मग एका रविवारी नवऱ्याला बाजारात पिटाळलं, दार लावून घेतलं आणि पत्र्याच्या आवाजाच्या बाईला नववं प्रकरण वाचायला सांगितलं.

त्यात एक आंधळी मुलगी होती. गरीब, गोड गळ्याची, सगळ्यांना ओझं झालेली. एका सकाळी ती एकटीच पाण्याला जाते, विहिरीच्या काठावर तिचा पाय घसरतो आणि ती बुडते. गाव म्हणतं, सुटली बिचारी. आणि पुढच्याच ओळीत खुद्द लेखक म्हणतो, खरंच सुटली. बाईनं ते सगळं पंख्याची किंमत सांगावी तशा आवाजात वाचलं. मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मग आणखी एकदा. मला फार राग आला. आणि रागाच्या जोडीला, कसं सांगू, बरंही वाटलं, कारण हा राग माझा मी कमावला होता. तो मला कोणी चमच्यानं भरवला नव्हता.

मी नानांना फोन लावला. "नाना, नववं वाचलं."

पलीकडे कुकरचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.  मग म्हणाले, "मन्हंच लिखेल शे ते, माय. तवय लोक बठ्ठा रडनात, सगळं गाव रडलं. तू समोर उभी राहिलीस तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो ते प्रकरण."

"काढू नका. मला परीक्षेत त्यावर लिहायचंय. पण एक सांगते. विहीर कुठे आहे, काठ कुठे संपतो, हे आंधळ्या लेकराला घरात सगळ्यांत आधी शिकवतात. आमच्या घरात जिन्यावरून पडतात ते हे, मी नाही. तुमची मुलगी घसरली नाही, नाना. तिला तुम्ही ढकललं."

 मला वाटलं, आता रागावतील. मग मास्तरांचा नव्हे, वर्गातल्या मुलाचा असावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मंग काय करती ती पोर, माय?"

"पाणी भरून घरी आली असती, नाना. रोजच्यासारखी."