सुभेदारांच्या दारातलं सिमेंट

माझी बायको गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. एका ताटात जेवलो आम्ही, आणि तिला कळू दिलं नाही — मग तुम्हाला कशाला सांगतोय, असं विचाराल. विचारा. परवा शेजारच्या बंगल्यात फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटची वाट घालत होते, मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो. तिथला मुकादम चार माणसांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, सांगली-साताऱ्यात घराच्या दारात सिमेंट घालायला शिकवलं ते ह्या बाबांनी. माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही हो. तो बिचारा ऐकीव बोलत होता. ही थाप ज्याने पसरू दिली त्या थेरड्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, आणि तो थेरडा मीच.

मी मूळचा चुन्याचा गवंडी. कृष्णाकाठच्या दहा गावांत माझ्या हातचा चुना. घाणीला बैल फिरायचा, चाकाखाली चुना आणि वाळू दळली जायची, आणि त्यात आम्ही हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी घालायचो. माझ्या बापाने घातलं, आज्याने घातलं. गुळाने चुना धरतो, लोखंडासारखा होतो — हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं शहाणपण. हे नीट ध्यानात ठेवा. अडाणी होतो म्हणून चुकलो, असं म्हणून मी सुटणार नाही. चुकलो ती गोष्ट वेगळी, आणि नंतर केलं ते वेगळं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षही झालं नव्हतं. कराडच्या खाली आमच्या गावात एक सुभेदार होते, पेन्शनीत निघालेले, उसाचे धनी. त्यांचा मुलगा शंकर लढाईवरून परत आला तो एक पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून आला. कुबड्या घेऊन चालायचा. आमच्याकडची काळी माती तुम्ही पाहिली असेल तर सांगायला नको — पाऊस पडला की धडधाकट माणसाचा पाय रुतून बसतो, कुबडीची काय कथा. म्हणून सुभेदारांनी ठरवलं, मृगाच्या आत पायरीपासून फाटकापर्यंत सिमेंटची वाट घालायची आणि पुढे बसायला थोडं अंगण. सिमेंट तेव्हा परवान्यावर. साताऱ्याला किती खेटे घातले असतील त्यांनी! पंधरा पोती मिळाली, तर सगळं गाव बघायला आलं होतं.

काम मला मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. दुसऱ्या कुणाला मिळणार? पण शंकरने बोलावलं गणपाला.

गणपा म्हणजे आटपाडीकडचा, धनगराच्या घरातला. तिशीही गाठलेली नव्हती. फौजेत पूल आणि रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होता, तिथेच काँक्रीट शिकला. शंकर आणि तो एकाच बोटीतून परत आलेले, भावासारखे. सांगलीच्या एका ठेकेदाराने गणपाला शब्द दिला होता, तुझ्या हातचं एक काम दाखव, कायमचा मिस्त्री म्हणून घेतो. एक काम! ते झालं की त्याची बायको आणि दोन लेकरं वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडायची थांबणार होती. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हसत सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं, कळलं ना? काय पणाला लागलंय ते मला पुरतं माहीत होतं.

आणि मला मदतीला ठेवलं. मदतीला! मला, दहा गावांच्या गवंड्याला, त्या मेंढरामागच्याच्या हाताखाली! नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी तो मला कधी एकेरी बोलला नाही. “आवं मिस्त्री, जरा ही पट्टी धरता का” — असं. मुरूम धुम्मसाने ठोकून घेतला, फळ्या लावून चौकोन पाडले. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी, आणि पाणी डब्याने मोजून. गावातल्या बाया हसायच्या त्याच्या मोजण्याला. मीही हसलो. पण डोळे उघडे ठेवून सगळं टिपूनही घेतलं.

मग मी त्याला म्हणालो, गड्या, गूळ कधी घालायचा? तो म्हणाला, “सिमिटात गूळ न्हाई घालत, मिस्त्री. फौजेत कवा बघिटला न्हाई.” एवढंच. सरळ बोलला. आणि मला काय झोंबलं म्हणून सांगू! कालचं पोर मला गूळ शिकवतंय?

दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी घरून गुळाची ढेप आणली. घागरीत विरघळवली आणि पाण्याच्या पिंपात ओतली. दुसऱ्या दिवशी पिंप भरलं तेव्हाही ओतली. घातपात करायचा नव्हता — देवाशप्पथ नव्हता. वाट दगडासारखी झाली की चारचौघांत सांगणार होतो, बघा, आमच्या गुळाची करामत. गणपाने एकदा ओंजळीत पाणी घेतलं, म्हणाला पाणी गढूळ वाटतंय. पाणी आणणारी बाई म्हणाली, उन्हाळा हाय, विहिरीचा तळ लागलाय. मी थापीने कड सारखी करत बसलो.

आता तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. साखर-गूळ आत गेला की सिमेंट मरतं. चुन्याला जे अमृत तेच सिमेंटला विष. हे मला तेव्हा कुठून माहीत असणार? आणि इथवरचं मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. खरंच केलंय. माणूस चुकतो.

वाट घालून झाली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. गणपाने ओली गोणपाटं पसरली होती, कडेने मातीचे बांध घालून पाणी तुंबवलं होतं, लेकराला जपावं तसा जपत होता. पाचव्या दिवशी गोणपाट उचललं तर अंगठा आत गेला. नुसता चिखल. आठव्या दिवशी वरचं सुकलं, पण हात फिरवला की भुगा होऊन यायचं. खडी बोटाने उपटून निघत होती. गणपा गुडघ्यावर बसून ती खडी हातात घेऊन बघत होता. पिंपाच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती. एकाला कळू नये? सगळं गाव गुळावर पोसलेलं, दारोदार गुऱ्हाळं, आणि सिमेंटच्या पिंपाला मुंग्या का लागल्या हे एकाही शहाण्याच्या डोक्यात येऊ नये? मी पिंप घासून टाकलं.

उरलेलं अर्धं पोतं पडवीत होतं. त्यातलं मूठभर घरी नेलं, करवंटीत नुसत्या पाण्याने कालवलं. सकाळी बघतो तर दगड. खिळ्याने ओरखडा उठेना. म्हणजे सिमेंट चांगलं होतं, गणपाचं माप चांगलं होतं, आणि वाईट होता तो माझा गूळ. त्या सकाळी मला सगळं कळलं. करवंटी विहिरीत टाकली आणि तोंड धुऊन सुभेदारांच्या वाटेला लागलो.

वाट चालताना काय म्हणत होतो मनाशी? की सांगून टाकतो. सांगणारच होतो म्हणे! थू!

अंगणात माणसं जमली होती. सुभेदार लालबुंद झालेले. पंधरा पोती मातीत गेली आणि नवी मिळायला पुन्हा साताऱ्याच्या पायऱ्या झिजवायच्या. त्या काळी सिमेंटात राख मिसळून चांगलं सिमेंट काळ्या बाजारात विकायचे, हे सगळ्यांच्या कानावर होतंच. सुभेदारांनी मला विचारलं, मिस्त्री, तुम्ही जाणते, हे काय झालं? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. गणपासुद्धा. तो तर आशेने बघत होता.

मी म्हणालो, “मी काय सांगू? पोती त्याच्या ताब्यात होती.”

पुरलं तेवढं. राख हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती, तो चार तोंडांतून आपोआप आला. गणपा म्हणाला, “सुभेदारसाब, उरलंय ते कालवून बघा की. आत्ता बघा.” किती साधी गोष्ट! एक मूठ सिमेंट आणि एक रात्र थांबायचं, बास. बघितलं असतं तर माझी शंभरी भरली असती. आणि ते कुणी बघायच्या आत मीच बोललो — ऐका, हे मी बोललो — “उरलेलं चांगलंच असणार. चोर काय शेवटच्या पोत्यात राख ठेवतो?”

लोक हसले. गणपाने शंकरकडे पाहिलं. शंकर कुबड्या सावरत घरात निघून गेला.

आजही संताप होतो त्या अंगणाचा. कुणी पुरावा मागितला नाही. फौजेची पदकं आणलेल्या माणसाला, शंकरने भाऊ म्हटलेल्या माणसाला, मेंढरामागचं म्हणून चोर ठरवायला त्यांना पळभरही वेळ लागला नाही. मी गावचा, माझ्या पागोट्याची घडी नीट, म्हणून मी खरा. पण त्यांच्यावर ओरडायचा मला काय अधिकार? त्यांना फसवलं गेलं. फसवणारा मी. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

सांगलीपर्यंत बातमी जायला आठवडा लागला नाही. ठेकेदाराने शब्द फिरवला. गणपा बायकोलेकरांसह मेंढरांमागं गेला.

पुढच्या साली सुभेदारांना पुन्हा सिमेंट मिळालं. काम मला दिलं. मी कसं केलं? एक, दोन, चार. पाणी डब्याने मोजून. ओली गोणपाटं, मातीचे बांध. गूळ नाही. वाट अशी झाली की त्यावरून बैलगाडी गेली तरी चरा उठेना. शंकर पहिल्या पावसात एकटा फाटकापर्यंत चालत गेला, त्याची आई दारात उभी राहून रडत होती. सुभेदारांनी मला फेटा बांधला. बांधून घेतला मी. त्यानंतर तासगावच्या व्यापाऱ्यांचे ओटे, सांगलीच्या वकील-डॉक्टरांची अंगणं, मिरजेच्या बंगल्यांच्या वाटा — सगळ्यांना दौलू मिस्त्रीच पाहिजे. पोरं हाताखाली आली, त्यांना मी शिकवलं. कुणी विचारलं कुठं शिकलात, तर म्हणायचो, स्वतःच्या डोक्याने.

हे सगळं एकीकडे. खरं सांगायचं आहे ते अजून राहिलंय.

पाऊस सरला होता. धनगरांचे वाडे बायकापोरं-मेंढरं घेऊन आमच्या रानांत उतरले होते. मी सुभेदारांच्या फाटकाची एक कड दुरुस्त करत होतो. बाहेर कुणीतरी थांबल्याची चाहूल लागली म्हणून वर पाहिलं — गणपा. खांद्यावर घोंगडं, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता हा काठी घालणार. घातली असती तर बरं झालं असतं. पण तो आत आला, वाकला आणि बोटांच्या पेरांनी वाट ठोकून बघितली. मग हात फिरवला, मन लावून, मिस्त्री फिरवतो तसा.

“लय झ्याक झालंय, मिस्त्री,” म्हणाला. “दीड वरीस झालं, मला झोप न्हाई. राख म्या घातली न्हाई, ते माझं मला ठावं हाय. मग माझंच माप चुकलं आसंल. काय चुकलं हुतं, तेवढं सांगा. तुमास्नी कळलं आसंल.”

आम्ही दोघंच होतो. अंगण रिकामं. मला कुणाची भीती नव्हती, काम माझं झालं होतं, फेटा डोक्यावर होता. एक शब्द बोललो असतो तर निदान त्याचं हुन्नर त्याला परत मिळालं असतं.

“पाणी जास्त झालं,” मी म्हणालो. “तुझा हात अजून कच्चा होता.”

त्याने मान हलवली. पटलं त्याला. चेहराच सैल झाला. एवढी रात्रंदिवस पोखरणारी गोष्ट कुणीतरी सांगून टाकली म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं. म्हणाला, मग बरं झालं, दुसऱ्याचं काम नासवण्यापरीस मेंढरंच बरी. आणि त्याने खाली वाकून माझे पाय धरले, खरं सांगितलंत म्हणून.

मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.