अण्णांचा पहिला चमचा

व्यंकटेशअण्णांना वास येत नव्हता. हे मला माहीत होतं.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी त्यांचा चायनीजचा गाळा होता. फक्त पार्सल. बाहेर उभं राहायचं, आतल्या कढईकडे बघत गप्पा मारायच्या. आधी ते यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडला, तेव्हा चाळिशी ओलांडून हे काम शिकले.

ट्रिपल राइसबरोबर शेंगाचटणी मागणारी माणसं आम्ही. अण्णा तीही द्यायचे.

मग त्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवस गाळा बंद. परत उघडला तो चव बिघडूनच.

रिक्षावाले सलीमभाई पहिल्यांदा बोलले. "क्या अण्णा, समंदर डाले क्या आज?"

"सोलापुरात समुद्र कुठला ओ? उजनीचं पाणी हाय, तेबी चार दिवसाआड!"

सगळे हसले. मीही.

पुढच्या आठवड्यात मंच्युरियनमध्ये व्हिनेगर इतकं, की डब्याचं झाकण उघडताच डोळ्यांत पाणी. मी सहसा काही परत करत नाही. त्या दिवशी केलं.

गाळ्यापाशी तेव्हा कुणी नव्हतं. अण्णांनी चमचाभर तोंडात टाकलं. चघळत राहिले. चेहऱ्यावर काहीच नाही.

"मॅडम, खरं सांगू? त्या तापापासून मला वासच कळंना. चव बी न्हाय. हात सांगतो तेवढं टाकतो."

"वहिनींना सांगितलंत?"

"तिला कळलं तर गाळा बंद कर म्हणंल. ह्या वयात परत मागावर कोण घेतंय? तुमी कुणाला बोलू नका. शपथ हाय बगा."

मी शब्द दिला.

त्यानंतर आमचं एक ठरून गेलं. कॉलेज सुटलं की मी साडेपाचला तिथून जायचे. अण्णा पहिल्या कढईतला एक चमचा पुढे करायचे.

"बगा की मॅडम."

मी सांगायचे, मीठ कमी करा, सोया बास. त्या मापाने ते उरलेली संध्याकाळ रेटायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, अण्णांचा हात परत बसला.

मला ते आवडत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. कुणाला तरी आपल्या जिभेची गरज आहे, हे आवडत होतं.

एकदा चमचा तोंडाशी नेला आणि थांबले.

"अण्णा, गॅस!"

ते विझलेल्या शेगडीशेजारीच उभे होते. हातात लायटर.

सलीमभाईंनी आत उडी मारून रेग्युलेटर बंद केला. "नाक घर में रख के आए क्या अण्णा?"

"सर्दी झाली ओ," अण्णा म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

मी चमचा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकटं गाठून विचारलं, परत असा गॅस गळला तर? ते हसले. "चिंता करू नका. वास आला की गिऱ्हाईक ओरडतंय की. चार नाकं असतात दारात."

"आणि दारात कुणी नसेल तेव्हा?"

"तवा तुमी असताय की."

गॅस गळला की वाजणारं एक यंत्र मिळतं, ते बसवा, असं मी सांगितलं. "बसवतो," म्हणाले.

पुन्हा विचारलं नाही. वाटलं, दोनदा विचारलं तर माणसाला लहान केल्यासारखं होईल. मीच ऑनलाइन शोधलं, कार्टमध्ये टाकलं. मग वाटलं, आपण नेऊन दिलं तर त्यांचा अपमान होईल.

डायरीत मात्र लिहिलं, 'अण्णांचं काय करायचं?' नंतरच्या कितीतरी पानांवर तेच वाक्य आहे. उत्तर एकाही पानावर नाही.

सोमवारी गाळ्याला सुट्टी असे. दिवसभर शटर खाली.

त्या मंगळवारी आमची स्टाफ मीटिंग लांबली. सहा वाजले. मी चौकात पोचले आणि आवाज झाला.

सिलिंडर सोमवारभर आत गळत होता म्हणे. अण्णांनी त्या दिवशी उशिरा, एकट्यानं शटर उघडलं, आत गेले, शेगडी पेटवली. दारात त्या वेळी एकही गिऱ्हाईक नव्हतं.

विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, त्यांच्या घरी माणसं जमली होती. लक्ष्मीवहिनी भिंतीला टेकून येईल त्याला एकच विचारत होत्या, "एवढा वास असंल, कळलं कसं न्हाय ओ ह्यांना?"

मलाही विचारलं.

मी म्हणाले, "काय माहीत."

नवऱ्यानं निष्काळजीपणा केला, असं लोक त्यांच्यासमोर बोलत राहिले. वर्षभर. दिलेला शब्द पाळतेय, असं मी स्वतःला सांगत होते. ज्याला दिला तो नव्हता. मग मी कुणाला वाचवत होते?

काल त्यांच्याकडे गेले. ताप, मीठ, चमचा, लायटर, कार्ट, सगळं सांगितलं. हे लिहून सगळ्यांना कळू देऊ का, असंही विचारलं.

त्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. हात थांबला नाही. "लिवा. निष्काळजी न्हवते ते, एवढं तरी कळंल लोकांना."

रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निघताना त्या म्हणाल्या, "मी बंद कर म्हणले नसते ओ मॅडम. विड्या काय, कुटंबी बसून वळता येतात. तितं दारात बसून वळले असते. माझं नाक चांगलं हाय."

अण्णा, तुमचा शब्द आज मोडला. वर्षभर उशिरा.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.