पहिल्यांदा दाबलेलं रबर

मागच्या शुक्रवारी संगमनेरच्या एका कॉलेजात आमच्या टीमचं प्रेझेंटेशन होतं. टीम म्हणजे आमचे गाईड सर, मी आणि लॅब सांभाळणारे भिंगारचे रशीदभाई. ते नमुन्यांची पेटी घेऊन मागच्या रांगेत बसले होते.

विषय सांगितला की घरचेही जांभई देतात, म्हणून थोडक्यात सांगते. पुलाच्या गर्डरखाली रबराचे जाड पॅड असतात. स्टीलवर दुप्पट वजन टाकलं की ते दुप्पट दबतं, सरळ हिशेब. रबराचं तसं नसतं... आणि पहिल्यांदा दाबताना ते जेवढा विरोध करतं, तेवढा पुन्हा करत नाही.

आमचा सगळा अभ्यास त्या पहिल्या दाबण्यावरच. पण टेस्टसाठी कापलेल्या रबराच्या बारा तुकड्यांपैकी पाच सुरुवातीपासूनच नरम निघाले होते. परीक्षकांच्या पॅनेलने हे काम मान्य केलं तरच माझी पीएचडी पुढे सरकणार होती, म्हणून मी एक कारण शोधून ठेवलं होतं. रबराच्या मिश्रणातला फरक... दोन समीकरणं, एक देखणी स्लाईड.

पॅनेलमधल्या मॅडमनी नेमकं तिथेच थांबवलं. सगळे तुकडे एकाच शीटमधून कापलेत, मग मिश्रण वेगळं कसं? मी बोलत राहिले, सर पाणी पीत राहिले.

तेवढ्यात मागे रशीदभाई उभे राहिले. "मॅडम, ते पाच तुकडे मीच आदल्या दिवशी दाबून बघितले हुते. मशीन नीट चालतंय का न्हाई, म्हनून. लोखंडाला तर कायबी व्हत न्हाई..."

बावीस वर्षं ते हेच करत आलेत. टेस्टच्या आदल्या दिवशी हाताला लागेल तो तुकडा मशीनवर चढवून बघायचा. स्टील होतं तोवर काहीच बिघडलं नाही. रबराचं वेगळं असतं हे त्यांनी त्या हॉलमध्ये, माझ्याच भाषणात पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

निकाल साधा होता. पाच तुकडे बाद, नवीन टेस्ट करा, दोन महिन्यांनी या.

खरं सांगते, आधी रागच आला. येताना गाडीत रशीदभाई एवढंच म्हणाले, "ताई, तुमचं लई नुकसान केलं मी." मी उत्तर द्यायला हवं होतं, दिलं नाही.

ते गप्प बसले असते तर कदाचित निभावलंही असतं. मग माझ्या थिसिसमध्ये एक खोटं कारण समीकरणांसकट छापून आलं असतं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते छातीठोकपणे सांगितलं असतं. सगळ्यांसमोर उभं राहून 'चूक माझी' म्हणणं मला तरी जमलं नसतं... रशीदभाई, गाडीत बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. नुकसान नाही केलंत, वाचवलंत.