तळ सुटलेल्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणतात आणि घरीही ती ताईच. घर म्हणजे भाऊ, वहिनी, अंथरुणाला खिळलेली आई, आणि आईच्याच खोलीत कपाटाआड टाकलेली ताईची खाट. पन्नाशी जवळ आल्यावर तिने स्वतःसाठी एक खोली बघून ठेवली होती. प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत, एका माणसापुरती. आईकडे रोज येऊन जाईन, असं तिने घरी सांगितलंही होतं. आज संध्याकाळपर्यंत घरमालकीणबाईंना होकार द्यायचा होता.

ताईचं काम कर्करोगाच्या पेशी जगवायचं. बश्यांमधला जुना द्रव काढायचा, ताजा घालायचा. तळाला चिकटली ती जिवंत, सुटून तरंगली ती मेली, हे तिच्या हातात मुरलेलं. नव्या बश्यांना पेशी चिकटूच नयेत असा लेप दिलाय, हे तिला बजावलं होतं. पण सकाळी सवयीने तिने तरंगणारं सगळं शोषून टाकून दिलं. दोनच बश्या वाचल्या.

"अहो ताई, प्रयोग मोरीत घातलात की!" प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. मग निवळून एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघा. तळ नाही, तरी जिवंत."

झुपकेच्या झुपके होते. पेशी एकमेकींना बिलगलेल्या.

"पेशी-पेशींमधल्या सांध्यांवरच्या प्रथिनाने जखडल्यात. त्याच्याच जोरावर जगतात, अंगभर पसरतात. आता ही बघा, हिच्यात ते प्रथिन आम्ही बंद केलंय."

दुसऱ्या बशीत एकेकट्या पेशी. बऱ्याचशा फुटून चुरा झालेल्या.

"चांगलं झालं म्हणायचं ना हे?" ताईने विचारलं.

"चांगलं म्हणजे काय, हेच तर हवंय!"

ताई दुसऱ्या बशीवरून डोळा काढेना.

पुन्हा सगळ्या बश्या मांडेपर्यंत संध्याकाळ झाली. ती तडक मागच्या गल्लीकडे निघणार, तोच फाटकाशी वहिनी उभी. हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू.

"त्या बाईंकडूनच येतेय. सांगून टाकलं, आमच्या ताई काही येत नाहीत म्हणून."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही खोलीला हो म्हणाला असता! एकट्या पडाल, ताई. रात्री दुखलंखुपलं तर पाणी कोण देईल? आणि आई तर तुमच्याशिवाय घास गिळत नाहीत. चला, त्या वाट बघताहेत."

वहिनीने तिचा दंड धरला. ताईने काहीतरी लागेलसं बोलायला तोंड उघडलं. पण राग यायच्या आधीच तिला हायसं वाटून गेलं होतं. ते कळलं तशी ती घाबरली. वहिनीचा हात तिला झटकता आला असता. तो तिने झटकला नाही.

"आज आईंना तुम्हीच भरवा हं," वहिनी म्हणाली.

"मीच भरवते की रोज," ताई म्हणाली आणि चालू लागली.